पाय मोडला आणि सिंफनी झाली

अंथरूण धरल्याशिवाय बाईला स्वतःचा म्हणून वेळ मिळत नाही, हे तुम्हा-आम्हाला वेगळं सांगायला नको. अंगात ताप भरला तरच दोन दिवस पोळपाट-लाटणं सुटतं, आणि तेव्हाही मन स्वयंपाकघरातच असतं. पण पाय मोडला म्हणून खूश झालेली बाई? फ्लॉरेन्स प्राइसबद्दल वाचेपर्यंत मी तरी अशी कुणी ऐकली नव्हती.

१९३१ चा जानेवारी महिना. अमेरिकेतलं शिकागो शहर, हाडं गोठवणारी थंडी आणि त्यात मंदीचे दिवस. फ्लॉरेन्स तेव्हा ४३ वर्षांची. दोन मुली पदरात, नवऱ्याशी फाटलेलं. पोटासाठी पियानोच्या शिकवण्या करायच्या, कधी मूकपटाच्या थिएटरात ऑर्गन वाजवायचा, कधी रेडिओच्या जाहिरातींची गाणी टोपणनावाने करून द्यायची, असं तिचं चाललेलं. त्यात पाय मोडला आणि बाहेर पडणंच बंद झालं. मग काय, तिने कागद पुढे ओढले आणि पहिली सिंफनी लिहायला घेतली! असं पाय मोडायचं भाग्य पुन्हा कधी वाट्याला येणार, अशी गंमत तिने एका पत्रात केली होती. वाचून आधी हसू येतं आणि मग येत नाही.

सिंफनी म्हणजे सत्तर-ऐंशी वादकांनी मिळून वाजवायची, साधारण चार भागांची मोठी रचना. आपल्याकडे गवई बैठकीत सुचेल तसा राग फुलवतो, तसं इथे नसतं. कोणत्या क्षणी बासरीने काय वाजवायचं, व्हायोलिनांनी काय, ढोल कधी बोलणार, हे सगळं आधी कागदावर उतरवायचं. महिनोन् महिन्यांचं काम.

अमेरिकेत स्वतःच्या देशातल्या विसाव्या शतकातल्या या अभिजात संगीताचे मोठमोठे कार्यक्रम होतात. काही तर सकाळी सुरू होऊन रात्रीपर्यंत चालतात. गर्शविन, कोपलंड, आइव्ह्ज, बार्बर ही त्यातली हमखास नावं. सगळे पुरुष आणि सगळे गोरे. फ्लॉरेन्स बाई होती आणि काळी होती. या पंगतीत तिचं पान मांडलं जायला तिच्या मृत्यूनंतरही अर्धं शतक उलटून जावं लागलं.

तिचा जन्म ९ एप्रिल १८८७ चा, दक्षिणेकडच्या आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक गावचा. घर खाऊनपिऊन सुखी होतं. वडील दातांचे डॉक्टर, आई संगीत शिकवणारी. आईनेच तिला पियानोवर बसवलं. चौथ्या वर्षी तिने लोकांसमोर वाजवलं, अकराव्या वर्षी तिची पहिली रचना छापून आली, आणि चौदाव्या वर्षी ती शाळेतून पहिली आली. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा जेमतेम ३५-३६ वर्षं झाली होती. कायदा बदलला तरी माणसं कुठे लगेच बदलतात?

पुढच्या शिक्षणासाठी ती उत्तरेला, बोस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरी या नावाजलेल्या संगीत विद्यालयात गेली. तिथे काळ्या मुलीला त्रास होऊ नये म्हणून आईने एक युक्ती केली. नोंदणीत मुलीचं गाव लिहिलं प्वेब्लो, मेक्सिको. म्हणजे मेक्सिकन समजून तरी लोक गप्प बसतील! मुलीला शिकवायचं तर तिचं गाव लपवायचं. १९०६ मध्ये फ्लॉरेन्स ऑर्गनवादन आणि पियानो-शिक्षण या दोन्हींत पदविका घेऊन बाहेर पडली. तिथले जॉर्ज चॅडविक हे मोठे संगीतकार तिचे गुरू. काळ्यांची भजनं आणि नाच यांतूनच अमेरिकेचं स्वतःचं संगीत उभं राहील, हा विचार तेव्हा युरोपातून आलेल्या द्वोर्झाकने मांडलेला होता. फ्लॉरेन्सला ती गाणी कुठून शोधून आणायची नव्हती, ती तिच्या घरचीच होती.

शिकून ती गावाकडे परतली, तिने काही वर्षं मास्तरकी केली आणि अटलांटाच्या क्लार्क विद्यापीठात संगीत विभाग सांभाळला. १९१० मध्ये वडील वारले. त्यानंतर आईने सगळं विकलं आणि ती दुसऱ्या राज्यात जाऊन गोरी म्हणून राहू लागली. रंग उजळ होता, खपून गेलं. पण त्यापायी लेकीशी संबंध तोडावे लागले. या आईवर रागवावं की तिची कीव करावी, माझं मन अजून ठरवू शकलेलं नाही.

१९१२ मध्ये फ्लॉरेन्सने थॉमस प्राइस या वकिलाशी लग्न केलं आणि ती लिटल रॉकला संसाराला लागली. पहिला मुलगा तान्हेपणीच गेला, मग दोन मुली झाल्या. राज्याच्या संगीत शिक्षक संघटनेत तिने सभासदत्व मागितलं, तर काळी म्हणून नकार! बोस्टनची पदविका हातात असलेली बाई त्यांना चालेना. तिने कपाळाला हात लावला नाही, आपल्या लोकांचा वेगळा संगीत क्लब काढला.

१९२७ च्या मे महिन्यात मात्र तिथे राहणंच अशक्य झालं. जॉन कार्टर नावाच्या काळ्या माणसाला गोऱ्या जमावाने ठार मारलं आणि त्याचा मृतदेह काळ्यांच्या वस्तीत, भर रस्त्यात जाळला. कितीतरी घरांनी गाव सोडलं. प्राइस कुटुंबही शिकागोला आलं. तिथे जीव सुरक्षित झाला, पण नवऱ्याचा धंदा बसला, घरात पैशांची ओढाताण सुरू झाली, आणि त्याचा हातही तिच्यावर उठू लागला. १९३१ मध्ये, म्हणजे पाय मोडला त्याच सुमारास, घटस्फोट झाला. नंतर एक लग्न झालं, तेही टिकलं नाही.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग सांगते. शिकागोत एस्टेला बाँड्स नावाच्या संगीतशिक्षिका होत्या. काळ्या कलावंतांसाठी त्यांच्या घराचं दार सदा उघडं. त्यांची मुलगी मार्गारेट ही फ्लॉरेन्सची शिष्या. अडचणीच्या दिवसांत फ्लॉरेन्स मुलींना घेऊन याच घरी राहायला आली. सिंफनीची एक संपूर्ण प्रत संगीतकार लिहितो, पण वादकांना प्रत्येकी आपापल्या वाद्याचा वेगळा कागद लागतो. झेरॉक्स नव्हतं. पैसे देऊन नकलनवीस ठेवायची ऐपत नव्हती. स्पर्धेची मुदत जवळ आली की थंडीच्या रात्री त्या घरातल्या स्वयंपाकघरातल्या मोठ्या टेबलाभोवती सगळे जमायचे. ज्याला ज्याला स्वरलिपी लिहिता येत होती तो हातात पेन घेऊन बसायचा आणि नकला करायचा. मला तर लग्नघरात पापड लाटायला जमलेल्या शेजारणीच डोळ्यांपुढे आल्या.

१९३२ च्या वॉनामेकर स्पर्धेत ही ई मायनर सिंफनी पहिली आली. बक्षीस ५०० डॉलर. त्याच स्पर्धेत तिच्या पियानोच्या एका रचनेलाही बक्षीस मिळालं, आणि गाण्याच्या गटात शिष्या मार्गारेट पहिली! त्या स्वयंपाकघरात त्या रात्री काय आनंद झाला असेल!

पुढच्या वर्षी शिकागोत मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्राचे संचालक फ्रेडरिक स्टॉक यांनी फ्लॉरेन्सची रचना बसवली आणि १५ जून १९३३ ला ऑडिटोरियम थिएटरमध्ये ती वाजली. अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या वाद्यवृंदाने काळ्या बाईची सिंफनी वाजवण्याची ही पहिलीच वेळ. मात्र त्याच कार्यक्रमाची सुरुवात झाली ती जॉन पॉवेल या गोऱ्या संगीतकाराच्या रचनेने. हा गृहस्थ काळ्या-गोऱ्यांची लग्नं बंद करणाऱ्या कायद्यासाठी व्हर्जिनियात झटलेला. तोही त्याच मंचावर! आणि या कार्यक्रमाच्या खर्चाचा भार कुणी उचलला? मॉड रॉबर्ट्स जॉर्ज या काळ्या बाईने. त्या काळ्यांच्या वृत्तपत्रात संगीतावर लिहायच्या आणि काळ्या संगीतकारांच्या राष्ट्रीय संघटनेचं काम पाहायच्या. वाद्यवृंदाने मन मोठं केलं असं आपण वाचतो, पण पदर खोचून पुढे झाली ती एक बाईच.

त्या सिंफनीचा तिसरा भाग जरूर ऐका. त्याचं नाव 'जुबा'. गुलामीच्या दिवसांत काळ्यांना ढोल वाजवायला बऱ्याच ठिकाणी बंदी होती. ढोलांवरून निरोप जातील, बंड होईल, ही मालकांची भीती. मग लोकांनी स्वतःचं अंगच वाद्य केलं. हाताच्या टाळ्या, मांडीवर थाप, पायांचा ठेका. तो नाच म्हणजे जुबा. फ्लॉरेन्सने तो ठेका उचलून कोट-टाय घातलेल्या वादकांच्या व्हायोलिनांवर आणला. ऐकताना आपोआप पाय हलतो. संगीतातलं मला फार कळत नाही, पण एवढं कळलं.

यानंतर दिवस पालटले म्हणावं, तर तसं झालं नाही. १९३४ मध्ये तिची पियानोची मोठी रचना शिकागोच्या महिला वाद्यवृंदाने वाजवली, आणि पियानोवर बसली होती मार्गारेट. १९४० मध्ये डेट्रॉइटला तिसरी सिंफनी झाली. तिची तालीम ऐकून राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी आपल्या वृत्तपत्रातल्या सदरात तिचं कौतुक केलं. मधल्या काळात, १९३९ मध्ये, मरियन अँडरसन या थोर गायिकेला काळी म्हणून वॉशिंग्टनचं एक मोठं सभागृह नाकारलं गेलं, तेव्हा त्या लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर उभं राहून गायल्या. समोर ७५ हजार माणसं. त्यात त्यांनी फ्लॉरेन्सने बांधून दिलेलं एक भजन गायलं. तो दिवस होता ९ एप्रिल, फ्लॉरेन्सचा वाढदिवस.

पण बड्या वाद्यवृंदांची दारं बंदच राहिली. बोस्टनचे संचालक सर्ज कुसेविट्स्की अमेरिकन संगीताचे मोठे कैवारी समजले जात. फ्लॉरेन्सने त्यांना एकदा नव्हे, कैक वर्षं पत्रं लिहिली. १९४३ च्या पत्रात तिने सरळच मांडलं, की आपण बाई आहोत आणि अंगात काळं रक्त आहे, या दोन अडचणी आधीच सांगून टाकते, आता रचना तिच्या गुणांवर तपासा. दया नको होती, फक्त एकदा कागद उघडून बघा एवढंच मागणं होतं. त्यांनी तिची एकही रचना वाजवली नाही.

ती लिहितच राहिली. सिंफनी, व्हायोलिनच्या रचना, गाणी, मुलांना शिकवायचे पियानोचे छोटे तुकडे, मिळून ३०० हून जास्त. १९५३ मध्ये युरोपला जायची तयारी चालू असतानाच ती आजारी पडली आणि ३ जूनला शिकागोत वारली. १९६४ मध्ये शहरात एका शाळेला तिचं नाव दिलं गेलं, ती शाळाही पुढे बंद झाली. रचना हळूहळू विस्मरणात गेल्या. बऱ्याचशा तर कुठे आहेत हेच कुणाला माहीत नव्हतं.

२००९ मध्ये शिकागोच्या दक्षिणेला, सेंट अ‍ॅन नावाच्या खेड्यात, एका जोडप्याने पडकं घर दुरुस्तीला काढलं. अंगावर झाड कोसळून छताला भोक पडलेलं, आत चोरा-पोरांनी नासधूस केलेली. एका कोरड्या राहिलेल्या कोपऱ्यात कागदांचे गठ्ठे होते, हाताने लिहिलेल्या स्वरलिप्या, आणि त्यांवर पुन्हापुन्हा एकच नाव. ते फ्लॉरेन्सचं उन्हाळ्यात राहायचं घर होतं. त्या दोघांनी रद्दीवाल्याला बोलावलं नाही. नाव कुणाचं ते शोधलं आणि आर्कान्सा विद्यापीठाला कळवलं. गठ्ठ्यांत व्हायोलिनच्या दोन मोठ्या रचना निघाल्या आणि चौथी सिंफनी निघाली. झाड थोडं अलीकडे पडलं असतं तर?

२०२२ मध्ये फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राने केलेल्या तिच्या पहिल्या आणि तिसऱ्या सिंफनीच्या ध्वनिमुद्रणाला ग्रॅमी मिळालं. त्याआधी, मे २०१८ मध्ये, चौथी सिंफनी पहिल्यांदा वाजली. १९४५ मध्ये लिहिलेली, ७३ वर्षांनी ऐकू आली. वाजवली ती फोर्ट स्मिथ नावाच्या गावच्या वाद्यवृंदाने. हे फोर्ट स्मिथ आर्कान्सातच आहे, जिथल्या संगीत शिक्षकांनी तिला सभासद करून घेतलं नव्हतं.