सर्व माध्यमांचे उपासक : रावबहादूर धुरंधर

परप्रांती स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाच्या सामानात देवादिकांच्या तसबिरी असतात, तशीच दोन-चार जुनी सचित्र पुस्तकेही असतात. त्या छापील चित्रांमागे केवढी साधना असते, याचा विचार सहसा होत नाही. तो व्हावा, या हेतूने चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर यांचे जीवन आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

धुरंधरांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापुरात झाला. १८९० साली ते मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती विद्यार्थ्यांकडून करवून घेणारे जॉन ग्रिफिथ्स तेथे त्यांना गुरू लाभले. काटेकोर रेखाटन हा त्या शिक्षणाचा पाया. त्यावर धुरंधरांनी पेन्सिल, शाई, जलरंग, तैलरंग अशी निरनिराळी माध्यमे हाताळली. प्रत्येकाची प्रकृती वेगळी. तैलरंग सावकाश वाळतो, म्हणून फेरफारास वाव देतो. जलरंगात कागदाची शुभ्रता हाच प्रकाश. तो एकदा झाकला की परत येणे कठीण. छपाईच्या ठशासाठी काढलेल्या शाईच्या चित्रात तर छायेचे कामही रेषेलाच करावे लागते.

१८९५ मध्ये त्यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले आणि पुढील वर्षी ते त्याच शाळेत शिक्षक झाले. एवढा मान मिळालेल्या चित्रकाराने मोठ्या तैलचित्रांतच रमावे, अशी अपेक्षा होणे स्वाभाविक होते. पुस्तकांची चित्रे आणि पोस्टकार्डे यांना दुय्यम लेखण्याची वृत्ती आजही दिसते. धुरंधरांनी मात्र हा भेद मानला नाही. औंधच्या संग्रहातील शिवचरित्रविषयक चित्रे त्यांचीच आणि मुंबईच्या रस्त्यावरील माणसे टिपणारी पोस्टकार्डेही त्यांचीच.

१९१४ साली किंकेड यांनी आपल्या व्रतांच्या कहाण्या ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ या नावाने इंग्रजीत आणल्या. त्यांची चित्रे धुरंधरांनी काढली. भाषा परकी झाली, तरी कहाणीला ओळखीचा चेहरा राहिला. घराबाहेर वाढणाऱ्या मुलांना आपली गोष्ट परक्या भाषेतून सांगताना काय हरवते, हे आम्हां परप्रांतीयांना ठाऊक आहे. म्हणूनच या कामाचे मोल आम्हांला अधिक वाटते.

१९२७ मध्ये त्यांना रावबहादूर ही पदवी मिळाली. त्याच सुमारास नव्या दिल्लीच्या सचिवालयातील भित्तिचित्रांचे कामही त्यांनी केले. पोस्टकार्डावर चालणारा हात भिंतीवरही तितक्याच सहजतेने चालला. कलाशाळेच्या प्रमुखपदाची धुरा सांभाळून १९३१ मध्ये ते निवृत्त झाले. तेथील आठवणी त्यांनी ‘कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे’ या ग्रंथात लिहून ठेवल्या. १ जून १९४४ रोजी त्यांचे निधन झाले.

वाचकांस आमची एक विनंती आहे. घरातील जुने सचित्र पुस्तक रद्दीत घालण्यापूर्वी चित्राचा कोपरा जरूर पाहावा. तेथे कदाचित धुरंधरांची सही आढळेल.