एका मताने वाचलेले अध्यक्ष

१६ मे १८६८. वॉशिंग्टनमधील सिनेटचे सभागृह आणि त्यावरचे सज्जे गच्च भरले होते. प्रेक्षकांना प्रवेशपत्रिका वाटण्याची वेळ आली होती. विद्यमान अध्यक्षांना पदच्युत करायचे की नाही, याचा निवाडा ५४ सिनेटर करणार होते. अर्धांगवायूच्या झटक्याने अंथरुणाला खिळलेले आयोवाचे सिनेटर जेम्स ग्राइम्स यांना मतदानासाठी उचलून आणण्यात आले. एकेक नाव पुकारले गेले आणि अखेर मोजणी झाली. दोषी म्हणणारे ३५, निर्दोष म्हणणारे १९. दोनतृतीयांश बहुमतासाठी ३६ मते हवी होती. एक मत कमी पडले आणि अमेरिकेचे सतरावे अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांचे पद वाचले.

जॉन्सन यांना वाचविणारे त्यांचे चाहते असते, तर या घटनेत नवल नव्हते. पण निर्णायक सात मते विरोधी रिपब्लिकन पक्षाची होती, आणि त्या सातही जणांना जॉन्सन यांच्या धोरणाबद्दल फारसे प्रेम नव्हते. न आवडणाऱ्या अध्यक्षालाही हटविताना लोकप्रतिनिधींचा हात का अडखळतो, या प्रश्नाचे उत्तर जॉन्सन यांच्या चरित्राच्या या प्रकरणात दडलेले आहे.

शिंप्याच्या दुकानातून राजकारणात

नॉर्थ कॅरोलिनातील रॅले येथे २९ डिसेंबर १८०८ रोजी जॉन्सन यांचा जन्म एका अत्यंत गरीब कुटुंबात झाला. ते तीन वर्षांचे असताना वडील वारले. आई कपडे धुण्याची आणि विणकामाची कामे करून घर चालवीत असे. शाळेचे तोंड त्यांनी एक दिवसही पाहिले नाही. लहानपणीच त्यांना एका शिंप्याकडे उमेदवारीसाठी बांधून देण्यात आले. १८२४ मध्ये ते तेथून पळाले, तेव्हा मालकाने त्यांना पकडून देणाऱ्यास दहा डॉलरचे बक्षीस जाहीर केले होते.

पुढे टेनेसी राज्यातील ग्रीनव्हिल या गावी त्यांनी स्वतःचे शिवणकामाचे दुकान थाटले. १८२७ मध्ये एलायझा मॅककार्डल हिच्याशी त्यांचा विवाह झाला. वर १८ वर्षांचा, वधू १६ वर्षांची. अक्षरओळख कशीबशी झालेल्या नवऱ्याला लिहिण्यात आणि हिशेबात तरबेज करण्याचे काम या पत्नीने केले. दुकानात गावातील कष्टकऱ्यांच्या राजकीय चर्चा रंगत आणि त्यातूनच जॉन्सन वक्ते म्हणून पुढे आले. नगरसेवक, महापौर, राज्याच्या विधिमंडळाचे सदस्य, दहा वर्षे प्रतिनिधिगृहाचे सदस्य, राज्याचे गव्हर्नर आणि १८५७ मध्ये सिनेटर, अशी एकेक पायरी ते चढत गेले. डेमोक्रॅटिक पक्षाचे हे नेते बड्या मळेवाल्यांचा मनापासून द्वेष करीत. मात्र स्वतः गुलाम बाळगण्यात त्यांना गैर वाटत नव्हते, हेही तितकेच खरे.

१८६१ मध्ये दक्षिणेची राज्ये संघराज्यातून फुटली. त्या राज्यांच्या सिनेटरांपैकी आपली जागा न सोडणारे जॉन्सन एकटेच होते. या निष्ठेचे मोल अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी जाणले. १८६२ मध्ये त्यांनी जॉन्सन यांना टेनेसीचे लष्करी गव्हर्नर नेमले. १८६४ च्या निवडणुकीत उत्तर आणि दक्षिण यांच्या ऐक्याचे प्रतीक म्हणून उपाध्यक्षपदाची उमेदवारी त्यांच्याकडे आली. ४ मार्च १८६५ रोजी शपथविधीच्या वेळी ते मद्याच्या अमलाखाली होते आणि त्यांच्या बरळण्याने सारेच खजील झाले. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, १४ एप्रिलच्या रात्री लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली. त्याच रात्री जॉन्सन यांना ठार करण्याची कामगिरी एका कटवाल्यावर सोपविली होती. त्याचा धीर खचला आणि ते बचावले. दुसऱ्या दिवशी सकाळी शिंप्याच्या दुकानातील हा उमेदवार अमेरिकेचा अध्यक्ष झाला.

काँग्रेसशी वैर

यादवी युद्ध संपले होते. सुमारे चाळीस लाख गुलाम मुक्त झाले होते. त्यांना नागरिक म्हणून कोणते स्थान द्यायचे, हा त्या काळातील सर्वांत मोठा प्रश्न होता. जॉन्सन यांनी मे १८६५ पासून दक्षिणेतील बंडखोरांना सढळ हाताने माफी दिली. जुनीच मंडळी पुन्हा राज्यांच्या सत्तेवर आली आणि त्यांनी मुक्त गुलामांना जखडणारे कायदे केले. रोजगार नसलेल्या कृष्णवर्णीयास भटका ठरवून पकडायचे आणि सक्तीने मजुरीला जुंपायचे, असे त्यांचे स्वरूप होते. मे १८६६ मध्ये मेम्फिस येथील दंगलीत ४६ कृष्णवर्णीय मारले गेले. जुलैमध्ये न्यू ऑर्लिन्समध्येही रक्तपात झाला.

काँग्रेसमधील रिपब्लिकन संतापले. मुक्त गुलामांच्या साह्यासाठी केलेल्या विधेयकांवर जॉन्सन नकाराधिकार वापरीत आणि काँग्रेस दोनतृतीयांश मतांनी तो धुडकावून लावी. एप्रिल १८६६ मध्ये नागरी हक्कांचा कायदा अशाच रीतीने संमत झाला. मुक्त गुलामांना नागरिकत्व देणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीलाही जॉन्सन यांनी विरोध केला. त्या वर्षीच्या निवडणुकीआधी ते स्वतः प्रचारदौऱ्यावर निघाले. पण सभांमध्ये श्रोत्यांशीच हमरीतुमरीवर आल्याने त्यांची उरलीसुरली प्रतिष्ठाही गेली. निवडणुकीत विरोधकांना दोन्ही सभागृहांत भरभक्कम बहुमत मिळाले.

तरीही डिसेंबर १८६७ मध्ये महाभियोगाचा पहिला प्रस्ताव प्रतिनिधिगृहाने ५७ विरुद्ध १०८ मतांनी फेटाळला. अध्यक्षांचे धोरण घातक आहे, यावर बहुतेकांचे एकमत होते. परंतु अमेरिकेची राज्यघटना महाभियोगासाठी देशद्रोह, लाचखोरी किंवा अन्य गंभीर गुन्हे व गैरवर्तन यांची अट घालते. कायद्याचे कोणते कलम मोडले, हे बोट ठेवून दाखविता येत नव्हते. संकोचाचे हे पहिले कारण.

ते बोट ठेवण्याची जागा जॉन्सन यांनीच पुरविली. सिनेटच्या संमतीने नेमलेल्या अधिकाऱ्याला सिनेटच्या संमतीवाचून काढता येणार नाही, असा पदावधीविषयक कायदा मार्च १८६७ मध्ये काँग्रेसने केला होता. रिपब्लिकनांच्या बाजूने असलेले युद्धमंत्री एडविन स्टँटन यांना वाचविणे हा त्याचा एक हेतू होता. २१ फेब्रुवारी १८६८ रोजी जॉन्सन यांनी स्टँटन यांना बडतर्फ केले. स्टँटन यांनी आपल्या कार्यालयातच ठाण मांडले. तीनच दिवसांत प्रतिनिधिगृहाने १२६ विरुद्ध ४७ मतांनी महाभियोग मंजूर केला. अमेरिकेच्या इतिहासात एखाद्या अध्यक्षावर ही पाळी प्रथमच आली होती. तेथे कनिष्ठ सभागृह आरोप ठेवते आणि वरिष्ठ सभागृह न्यायालय म्हणून बसते. सरन्यायाधीश सॅल्मन चेस यांच्या अध्यक्षतेखाली सिनेटमध्ये ११ आरोपांवर खटला उभा राहिला. वकिलांच्या सल्ल्यानुसार जॉन्सन स्वतः तेथे एकदाही फिरकले नाहीत.

सात जणांचा संकोच

बारा सिनेटर आधीपासूनच जॉन्सन यांच्या बाजूचे होते. सुटकेसाठी आणखी सात हवे होते आणि नेमके सातच मिळाले. फेसेंडन, फाउलर, ग्राइम्स, हेंडरसन, रॉस, ट्रंबुल आणि व्हॅन विंकल ही त्यांची नावे. त्यांची कारणे एकसारखी नव्हती.

एक कारण कायद्याचे होते. स्टँटन यांची नेमणूक जॉन्सन यांनी नव्हे, तर लिंकन यांनी केली होती. नेमणूक करणाऱ्या अध्यक्षाच्या मुदतीपुरतेच मंत्र्याला संरक्षण असेल, तर स्टँटन यांना ते लागू होते का, याविषयी कायद्याची भाषा संदिग्ध होती. फेसेंडन आणि ट्रंबुल यांच्यासारख्या कायदेपंडितांना हा धागा फारच कच्चा वाटला.

दुसरे कारण वारसाचे. लिंकन यांच्या हत्येनंतर उपाध्यक्षपद रिकामे होते आणि ते भरण्याची सोय तेव्हाच्या घटनेत नव्हती. जॉन्सन गेले असते, तर सिनेटचे हंगामी अध्यक्ष ओहायोचे बेंजामिन वेड व्हाइट हाउसमध्ये आले असते. चढी जकात, कागदी चलन आणि स्त्रियांना मताधिकार यांचा पुरस्कार करणारे वेड अनेक रिपब्लिकनांनाच परवडणारे नव्हते. विशेष म्हणजे वेड यांनी स्वतः दोषी म्हणून मत दिले आणि जॉन्सन यांचे जावई, टेनेसीचे सिनेटर डेव्हिड पॅटरसन यांनी निर्दोष म्हणून. न्यायासनावर बसलेल्यांचे हितसंबंध असे उघडे होते.

तिसरे कारण कॅलेंडरचे. जॉन्सन यांची मुदत मार्च १८६९ मध्ये संपणारच होती. नोव्हेंबरात निवडणूक होती आणि जनरल ग्रँट यांच्यासारखा लोकप्रिय उमेदवार पक्षाच्या हाताशी होता. थोड्या महिन्यांसाठी एवढा मोठा धोंडा का उचलायचा, असा हा व्यवहारी विचार होता. शिवाय पडद्याआड तडजोड झाली होती. आपण मर्यादेत राहू, अशी हमी जॉन्सन यांनी ग्राइम्स यांच्यापर्यंत पोहोचविली आणि युद्धमंत्रिपदासाठी सर्वमान्य अशा जनरल स्कोफिल्ड यांचे नाव पाठविले.

आणि चौथे कारण पायंड्याचे. बहुमत विरोधात गेले की अध्यक्ष घरी, अशी रीत पडली, तर अध्यक्ष काँग्रेसचा आश्रित होईल, ही भीती होती.

केवळ तत्त्वच तेथे काम करीत होते, असे मात्र नव्हे. पैशाचे व्यवहार झाल्याचा संशय होता. खटला चालविणाऱ्यांपैकी बेंजामिन बटलर यांनी त्याची चौकशी केली. लाचखोरी सिद्ध झाली नाही. १६ मे नंतर दहा दिवस तहकुबी घेऊन त्या सात जणांवर दडपण आणले गेले. २६ मे रोजी आणखी दोन आरोपांवर मतदान झाले आणि आकडे तेच राहिले, ३५ विरुद्ध १९. स्टँटन यांनी राजीनामा दिला आणि खटला संपला. त्या सातांपैकी कोणीही पुन्हा सिनेटवर निवडून आले नाही. पुढे १९५६ मध्ये जॉन केनेडी यांनी आपल्या पुस्तकात कॅन्ससच्या एडमंड रॉस यांना धैर्याचा नमुना म्हणून गौरविले. अनेक इतिहासकारांना मात्र तो गौरव अतिरंजित वाटतो.

मागे उरले ते

जॉन्सन यांना त्या वर्षी कोणत्याही पक्षाने उमेदवारी दिली नाही. ग्रँट यांच्या शपथविधीला ते गेले नाहीत. मात्र १८७५ मध्ये टेनेसीने त्यांना पुन्हा सिनेटवर पाठविले आणि ज्या सभागृहाने त्यांना आरोपी म्हणून तोलले, तेथेच ते सदस्य म्हणून परतले. अध्यक्षपदानंतर सिनेटर झालेले ते एकमेव. काही महिन्यांतच, ३१ जुलै १८७५ रोजी त्यांचे निधन झाले. ग्रीनव्हिल येथे राष्ट्रध्वजात गुंडाळून आणि उशाखाली राज्यघटनेची प्रत ठेवून त्यांना पुरण्यात आले.

ज्या कायद्यावरून महाभियोग झाला, तो १८८७ मध्ये रद्द करण्यात आला. अशा प्रकारचा निर्बंध घटनाबाह्य होता, असे सर्वोच्च न्यायालयाने १९२६ मध्ये म्हटले. त्या अर्थी सात जणांची कायदेशीर शंका खरी ठरली. १९७४ मध्ये रिचर्ड निक्सन यांनी महाभियोगाआधीच राजीनामा दिला. १९९९ मध्ये बिल क्लिंटन आणि २०२० व २०२१ मध्ये डोनाल्ड ट्रम्प सिनेटमध्ये निर्दोष ठरले. त्या प्रत्येक वेळी १८६८ चा दाखला दिला गेला. दोनतृतीयांशांची ती भिंत चारही खटल्यांत कोणाला ओलांडता आली नाही.

पण हिशेबाची दुसरी बाजूही आहे. अध्यक्षपद शाबूत राहिले, त्याची किंमत सिनेटरांनी फारशी मोजली नाही. ती मोजली दक्षिणेतील मुक्त गुलामांनी. युद्धानंतरची पहिली, सर्वांत मोलाची वर्षे जॉन्सन यांच्या आडमुठेपणात वाया गेली होती आणि ती परत मिळणार नव्हती. वाईट राज्यकर्ता हे गुन्हेगार राज्यकर्त्यापेक्षा वेगळे प्रकरण आहे, असे सात जणांनी ठरविले. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेल. मात्र त्या निवाड्याच्या वेळी ज्यांचे भवितव्य पणाला लागले होते, त्यांच्यापैकी एकही जण सिनेटच्या त्या ५४ आसनांवर बसलेला नव्हता.