भीतीवर विद्येची मात्रा : सर सय्यद अहमद खान

धर्मांध माणूस हा मुळातच दुष्ट असतो, अशी आपली सोयीस्कर समजूत असते. ती खरी मानली तर शिक्षणसंस्थांना काही कामच उरत नाही. सर सय्यद अहमद खान यांनी ही समजूत मानली नाही. धर्मवेडाचे घाव त्यांनी स्वतः सोसले, पण घाव घालणाऱ्याच्या मनात काय चालले आहे याचाही शोध घेतला.

त्यांचा जन्म १७ ऑक्टोबर १८१७ रोजी दिल्लीतील एका खानदानी कुटुंबात झाला. आई अजीजुन्निसा बेगम मोठ्या करारी होत्या. लहानपणी सय्यदनी एका वृद्ध नोकरावर हात उगारला, तेव्हा आईने त्यांना घराबाहेर काढले आणि त्या नोकराची माफी मागितल्यावरच घरात घेतले. माणसाचा मान राखण्याचा हा पहिला धडा होता.

१८५७ च्या उठावाच्या वेळी ते बिजनौर येथे सदर अमीन होते. तेथील इंग्रज स्त्रीपुरुषांचे व मुलांचे प्राण त्यांनी वाचवले. पण इंग्रजांनी दिल्ली परत घेतली तेव्हा त्यांचेच नातलग मारले गेले. आईला घोड्याच्या मोतद्दाराच्या खोलीत अन्नपाण्यावाचून लपून राहावे लागले. मीरतला आणल्यावर थोड्याच दिवसांत त्या निवर्तल्या. देश सोडून मिसरला जावे असे सय्यदांच्या मनात आले होते. परंतु आपल्या लोकांना या दुर्दशेत टाकून जाणे त्यांना पटले नाही.

त्यानंतर त्यांनी उठावाच्या कारणांवर पुस्तक लिहिले. राज्यकर्ते आणि रयत यांच्यात बोलणेचालणे नव्हते, कायदे करणाऱ्या मंडळात एकही हिंदी माणूस नव्हता, हे त्यांनी सरकारी नोकरीत असतानाही स्पष्ट मांडले. सरकार आपला धर्म बुडवणार, ही भीती लोकांत कशी रुजली तेही दाखवले. १८३७ च्या दुष्काळातील अनाथ मुले ख्रिस्ती केली गेली, १८५५ साली नोकरदारांना धर्मांतर सुचवणारे पत्र आले. विचारायला जागा नव्हती म्हणून अशा गोष्टींतून अफवा वाढत गेल्या. भीतीला उत्तर मिळाले नाही की तिचे वेड होते, हे निदान त्यांच्या विवेचनातून निघते.

दुसरे कारण दुखावलेला अभिमान. विल्यम म्यूर यांनी पैगंबरसाहेबांच्या चरित्रात केलेली टीका वाचून सय्यद फार व्यथित झाले. पण त्यांनी कोणाला चिथावले नाही. १८६९ साली ते विलायतेस गेले, तेथील ग्रंथालयांत बसून अभ्यास केला, कर्ज काढले आणि १८७० साली उत्तरादाखल ग्रंथ छापला. अपमान त्यांनाही झोंबला होता. मात्र त्याचा जबाब त्यांनी पुराव्याने दिला.

परत आल्यावर त्यांनी 'तहजीब-उल-अखलाक' हे नियतकालिक काढले आणि स्वकीयांचाच रोष ओढवून घेतला. त्यांना काफिर ठरवणारे फतवे निघाले. विरोधकांपैकी एकाने थेट मक्केपर्यंत जाऊन फतवा आणला. हे लोक अडाणी होते काय? मुळीच नाही. त्यांत विद्वान होते. पण १८३७ नंतर कचेऱ्यांतून फारसी गेली, बादशाही गेली, जुन्या विद्येची किंमत आणि तिच्यावरची रोजी गेली. सर्वस्व गेलेल्या माणसाजवळ धर्म तेवढा उरतो. त्यालाही कोणी हात लावतो आहे असे वाटले की तो मुठी आवळतो.

सय्यदांनी ही वेदना ओळखली. २४ मे १८७५ रोजी अलीगढला मदरसा सुरू झाला व १८७७ साली कॉलेजची कोनशिला बसली. तेथे त्यांनी आपली वादग्रस्त धर्ममते अभ्यासक्रमात आणली नाहीत. धार्मिक शिक्षण परंपरेतील आलिमांकडे सोपवले. स्वतःची मते त्यांनी सोडली नाहीत, पण मुलांचे शिक्षण त्या वादात अडकू दिले नाही. हिंदू विद्यार्थ्यांनाही कॉलेजचे दार उघडे होते.

तरीही हे चरित्र निर्दोष म्हणून सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मुलींच्या शिक्षणाची निकड त्यांना पटली नाही. डिसेंबर १८८७ मध्ये मद्रासला मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी काँग्रेसच्या अध्यक्षपदी बसले, तेव्हा सय्यदांनी काँग्रेसला कडाडून विरोध केला. संख्येने मोठ्या असलेल्या समाजापुढे आपला टिकाव लागणार नाही, ही धास्ती त्यामागे होती. इतरांच्या भीतीचे अचूक निदान करणारा हा माणूस स्वतःच्या भीतीतून पूर्णपणे सुटला नाही. यातच आपणा सर्वांना इशारा आहे: हा रोग फक्त शेजाऱ्याच्या घरी असतो असे नाही, आणि तो कोणा एका धर्माचाही नाही.

२७ मार्च १८९८ रोजी त्यांचे निधन झाले. १९२० साली त्यांच्या कॉलेजचे विद्यापीठ झाले. आपली शाळा त्यामानाने लहान. पण काम तेच आहे. वर्गात एखादा मुलगा धर्माविषयी अडचणीचा प्रश्न विचारतो, तेव्हा आपण शिक्षक त्याला दटावून खाली बसवतो. त्या प्रश्नाचे उत्तर मग त्याला कोठेतरी अंधाऱ्या कोपऱ्यात, भलत्याच माणसाकडून मिळते. त्याला उभे राहू द्यावे, बोलू द्यावे आणि आपल्याला जेवढे ठाऊक असेल तेवढे सांगावे. सर सय्यदांचे स्मरण करण्याचा याहून चांगला मार्ग मला दिसत नाही.