मेजर कँडी

थॉमस कँडी यांचा जन्म १८०४ मध्ये इंग्लंडात झाला. लष्करी नोकरीसाठी ते तरुणपणीच हिंदुस्थानात आले आणि येथे मराठी शिकले. मोल्सवर्थ यांच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशास त्यांनी व त्यांच्या जुळ्या भावाने साह्य केले. पुढे इंग्रजी-मराठी कोश हाती घेतला. हे काम अधिक बिकट होते. इंग्रजीत एकाच उपसर्गाचे लांबलचक शब्द रांगेने येतात. ‘सर्कम’ म्हणजे भोवती. म्हणून ‘सर्कम्फरन्स’ म्हणजे परीघ, ‘सर्कमनॅव्हिगेशन’ म्हणजे गलबतातून घातलेली प्रदक्षिणा. पण ‘सर्कमस्पेक्शन’ म्हणजे चहूकडे पाहून वागण्याचा सावधपणा! आरंभीची अक्षरे तीच, अर्थ मात्र निरनिराळे. अशा प्रत्येक शब्दास मराठी प्रतिशब्द हवा. तशात प्रकृती ढासळल्यामुळे मोल्सवर्थ १८३६ मध्ये स्वदेशी परतले. सारा भार कँडींवर पडला. पुण्याच्या संस्कृत पाठशाळेची देखरेख सांभाळून त्यांनी काम नेटाने चालविले आणि १८४७ मध्ये कोश मुंबईस छापून निघाला. मुलांनो, तुम्ही लिहिताना स्वल्पविराम देता ना? मराठीत विरामचिन्हे रूढ करण्याचे श्रेयही कँडींनाच देतात. कोशाची दुसरी आवृत्ती १८७३ मध्ये निघाली, तेव्हा ते सत्तरीच्या घरात होते. १८७७ मध्ये महाबळेश्वर येथे त्यांचे निधन झाले.