लोकसेवेची उमेदवारी : गोपाळ कृष्ण गोखले

समाजकार्य हा एक व्यवसाय मानून त्याचे पदव्युत्तर शिक्षण देणारी भारतातील पहिली संस्था, सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क, मुंबईत १९३६ साली निघाली. त्यापूर्वी एकतीस वर्षे, लोकसेवकाला शिकवून तयार करण्याची एक योजना पुण्यात गोपाळ कृष्ण गोखले यांनी आखली होती. गोखल्यांचे नाव राजकारणाच्या इतिहासात प्रामुख्याने घेतले जात असल्यामुळे त्यांच्या चरित्राचे हे अंग काहीसे झाकले गेले आहे.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. १८७९ साली वडील वारले. तेव्हा थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून कागल येथे पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतील आठ रुपये ते धाकट्या भावाला दरमहा पाठवू लागले. अशा रीतीने मिळालेल्या विद्येचे ऋण गोखल्यांना जन्मभर जाणवत राहिले असावे. १८८४ साली एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवीधर झाल्यावर त्यांनी सरकारी नोकरीचा किंवा वकिलीचा मार्ग न धरता डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्यत्व पत्करले.

त्यांचे खरे शिक्षण मात्र पदवीनंतर सुरू झाले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्यापाशी त्यांनी अनेक वर्षे उमेदवारी केली. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकासाठी सरकारी अहवाल वाचावेत, अंदाजपत्रकांतील आकडे ताडून पाहावेत, टिपणे करावीत आणि गुरूने ती दुरुस्त करून पुन्हा लिहावयास लावावीत, असा तो क्रम होता. १९०१ मध्ये रानडे निवर्तले. पण माहितीवाचून मत बनवू नये हा त्यांचा संस्कार शिष्याच्या ठायी कायमचा राहिला.

या संस्काराचे मोल १८९७ साली एका कटू प्रसंगाने गोखल्यांना पटले. वेल्बी आयोगापुढील साक्षीसाठी ते इंग्लंडात असता, प्लेगच्या बंदोबस्तातील सैनिकांनी पुण्यात स्त्रियांवर अत्याचार केल्याची वार्ता त्यांना पत्रांतून कळली. ती खरी मानून त्यांनी तेथील वृत्तपत्रातून तिला प्रसिद्धी दिली. परत आल्यावर सरकारने पुरावा मागितला, तेव्हा एकही साक्षीदार पुढे येण्यास धजेना. गोखल्यांनी जाहीर माफी मागितली आणि स्वकीयांचा रोष ओढवून घेतला. लोकांच्या दुःखाविषयी बोलणाऱ्याने ते दुःख आधी नीट तपासून घेतले पाहिजे, हा धडा त्यांनी अशी मोठी किंमत देऊन घेतला.

१२ जून १९०५ रोजी फर्ग्युसन महाविद्यालयामागील टेकडीवर सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीची स्थापना झाली. गोखल्यांनी प्रथम स्वतः शपथ घेतली आणि नंतर नटेश अप्पाजी द्रविड, गोपाळ कृष्ण देवधर व अनंत विनायक पटवर्धन यांना ती दिली. नव्या सदस्याला पाच वर्षे उमेदवारी करावी लागे. तिचा काही काळ पुण्यातील ग्रंथालयात अध्ययन करण्यात जाई, तर काही देशभर प्रवास करून परिस्थिती डोळ्यांनी पाहण्यात. या काळात अनुमतीवाचून जाहीर भाषण करण्यास किंवा वृत्तपत्रांत लिहिण्यास सदस्याला मनाई होती. अनेकांना हा नियम जाचक वाटला. १८९७ चा प्रसंग स्मरला म्हणजे त्याचा अर्थ उलगडतो.

या शिस्तीतून निरनिराळ्या भाषांच्या प्रदेशांत कर्ते पुरुष निर्माण झाले. मद्रासचे श्रीनिवास शास्त्री शाळेचे मुख्याध्यापकपद सोडून आले. ना. म. जोशी यांनी १९११ साली मुंबईच्या कामगारवस्तीत सोशल सर्व्हिस लीगचे कार्य आरंभिले. देवधरांनी रमाबाई रानडे यांच्यासमवेत पुणे सेवासदन उभारले. १९१४ मध्ये मुंबई महापालिकेची अभियंत्याची नोकरी सोडून आलेले अमृतलाल ठक्कर पुढे आदिवासींच्या सेवेमुळे ठक्करबाप्पा म्हणून सर्वश्रुत झाले.

योजनेला मर्यादाही होत्या. सुशिक्षितांतून निवडलेले मोजके पुरुष आणि कडक नियम यांमुळे संस्था संख्येने लहानच राहिली. ज्यांची सेवा करावयाची त्यांच्यामधूनच सेवक निर्माण व्हावेत, हा विचार तिच्या रचनेत पुरेसा उतरला नव्हता. प्राथमिक शिक्षणाचा प्रसार व्हावा म्हणून गोखल्यांनी स्वतः आणलेले विधेयकही १९१२ साली १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. १९१५ च्या आरंभी दक्षिण आफ्रिकेतून परतलेल्या गांधीजींना त्यांनी वर्षभर देश पाहण्याचा आणि त्या काळात सार्वजनिक प्रश्नांवर मौन पाळण्याचा दंडक घातला. कीर्ती संपादून आलेल्या पुरुषालाही त्यांनी उमेदवारीतून सूट दिली नाही! १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, गोखल्यांचे निधन झाले. गांधीजींनी तो दंडक त्यांच्यामागेही पाळला; सोसायटीचे सदस्यत्व मात्र, सदस्यांतील मतभेद पाहून, त्यांनी घेतले नाही.

१९३६ नंतरच्या व्यावसायिक समाजकार्याची परंपरा मुख्यतः अमेरिकेतून आली. तिचा उगम गोखल्यांच्या योजनेत शोधणे बरोबर होणार नाही. तथापि, कामात मुरलेल्या कार्यकर्त्यानेही वेळोवेळी पुन्हा अभ्यासाकडे वळावे, या आजच्या आग्रहाला गोखल्यांच्या चरित्रात एक देशी आधार सापडतो. सेवेची इच्छा माणसाला कामाच्या दारापर्यंत आणते. त्यापुढे पाऊल टाकावयाचे तर शिकावे लागते, एवढे ते चरित्र निश्चितपणे सांगते.