मोगलीचं जंगल न पाहिलेला माणूस

स्मरणिकेसाठी पेंचच्या सहलीवर लिहा, असा संपादक मंडळाचा आग्रह होता. सहलीचे फोटो आणि जमाखर्च चिटणीसांनी दिलेलाच आहे, तेव्हा बस किती वाजता निघायची होती आणि किती वाजता निघाली हे मी पुन्हा उगाळत नाही. मी लिहितेय ते तुरिया गेटवर माझ्या नातवानं विचारलेल्या एका प्रश्नावर. गेटवर मोगलीचं चित्र होतं. ते पाहून त्यानं विचारलं, ही गोष्ट लिहिणारे आजोबा या जंगलात कुठं राहत होते?

आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला सांगावं लागलं की ते इथं कधी आलेच नव्हते. बसमध्ये कोणाचा विश्वास बसेना. त्यामुळे खवासा ते मनसर मी रुडयार्ड किपलिंगचं चरित्र सांगत आले.

किपलिंग आपल्या मुंबईचा. जन्म ३० डिसेंबर १८६५. वडील जे. जे. कला शाळेत शिकवत. घरात आया आणि नोकर होते. त्यांच्यात वाढल्यानं पोराला इंग्रजीपेक्षा हिंदुस्थानी जास्त यायची. आई-वडिलांसमोर जाताना त्याला आठवण करून द्यावी लागे, की आता इंग्रजीत बोलायचं. गोष्टी ऐकायची गोडी इथलीच, बाजारात आणि देवळाच्या दारात फिरताना लागलेली.

सहा वर्षांचा व्हायच्या आत, १८७१ मध्ये, त्याला आणि तीन वर्षांच्या बहिणीला आई-वडिलांनी इंग्लंडला नेलं. साउथसी नावाच्या गावात, जाहिरातीवरून शोधलेल्या एका अनोळखी घरात ठेवलं आणि परत निघून आले. जातो म्हणून मुलांना सांगितलंही नाही. तेव्हा गोऱ्यांत अशी रीतच होती, हिंदुस्थानातल्या हवेला मुलं टिकत नाहीत म्हणून. त्या घरातल्या बाईनं या मुलाचा फार छळ केला. मार तर होताच, खोटारडा अशी पाटी पाठीवर लावून शाळेतही पाठवलं. डोळे अधू होत चालले, तेही कोणाच्या लक्षात आलं नाही. १८७७ मध्ये आई आली तेव्हा सुटका झाली. आमच्या बसमधल्या बायका हे ऐकून एकदम गप्प झाल्या. हॉस्टेलला मुलं ठेवलेली आहेत आपल्यापैकी कितीतरी जणींची.

पुढचं भराभर सांगते. सतरा पूर्ण व्हायच्या आत तो लाहोरच्या इंग्रजी पेपरात नोकरीला लागला, मग अलाहाबादला गेला. गोष्टींनी नाव झालं. १८८९ मध्ये त्यानं हिंदुस्थान सोडला. १८९१ मध्ये लाहोरला आई-वडिलांना एकदा भेटून गेला, तो शेवटचा.

लग्न अमेरिकन मुलीशी झालं आणि संसार व्हरमाँट राज्यात मांडला. १८९२ च्या डिसेंबरात, बाहेर ढीगभर बर्फ असताना, मुलगी झाली, जोसेफिन. त्याच घरात मोगली जन्मला! सिवनीचं जंगल, वैनगंगा, कान्हीवाडा गाव, हे सगळं त्यानं बर्फात बसून उभं केलं. स्टर्नडेल नावाच्या साहेबानं सिवनीच्या शिकारीवर १८७७ साली पुस्तक लिहिलं होतं. वडिलांनीही हिंदुस्थानातल्या प्राण्यांवर लिहिलं होतं. अशा पुस्तकांचा आधार घेतला, बाकी लहानपणी कानावर पडलेलं. 'जंगल बुक' १८९४ मध्ये आलं, दुसरा भाग १८९५ मध्ये. दुसऱ्या भागात लांडग्यांवर चालून येणारी रानकुत्री दख्खनमधून येतात, म्हणजे आपल्याच बाजूनं. (वाईट काही आलं की ते शेजारच्या बिल्डिंगमधून आलं असं आपण म्हणतो, तसंच.)

टीव्हीवर रविवारी सकाळी पाहिलेल्या मोगलीत नाना पाटेकरांच्या आवाजातला शेरखान सगळ्यांना आठवतो. पुस्तकातला मोगली मात्र फार एकटा आहे. लांडगे त्याला कळपातून काढतात, गावात जातो तर गाव दगड मारून हाकलतं. हे जंगल पाहून सुचलेलं नाही, साउथसीच्या त्या घरातून आलेलं आहे, असं मला शिकवताना नेहमी वाटायचं.

जोसेफिनसाठी नाव घालून दिलेली पहिल्या आवृत्तीची प्रत २०१० साली इंग्लंडमधल्या एका जुन्या हवेलीत सापडली. ती पोर १८९९ मध्ये न्यूयॉर्कला न्यूमोनियानं गेली. तोही तेव्हा मरणाच्या दारात होता, म्हणून त्याला लगेच सांगितलंसुद्धा नाही. १९०७ मध्ये नोबेल मिळालं. मग महायुद्ध. मुलगा जॉन, नजर बापासारखीच अधू. लष्करानं नाकारला होता, बापानं ओळख लावून भरती करवला. १९१५ मध्ये लूसच्या लढाईत अठराव्या वर्षी बेपत्ता झाला. बापानं वर्षानुवर्षं शोधला, सापडला नाही. किपलिंग १८ जानेवारी १९३६ ला गेला.

माणूस मोठा, पण आपला नव्हे, हेही सांगायलाच हवं. साहेबाचं राज्य कायम राहावं असं त्याला मनापासून वाटे. जालियनवाला बागेनंतर डायरसाठी जमलेल्या निधीत त्यानंही पैसे घातले. त्याच्या एका गोष्टीत मोठा झालेला मोगली जंगल खात्यात गार्ड होतो, पेन्शनीसकट! आणि त्याच खात्याचा कायदा मोडायला १९३० मध्ये आपले लोकनायक बापूजी अणे पुसदला जंगलात गवत कापायला उतरले होते.

एक गोष्ट मी बसमध्ये सांगितली नाही. माझं माहेर राळेगाव तालुक्यातलं. २०१८ च्या दिवाळीआधी वाघिणीच्या भीतीनं भावाच्या वावरात वेचणीला बाई मिळेना, कापूस बोंडातच लोंबत राहिला. तेरा माणसं तिच्या नावावर होती. नेमबाज आले, हत्ती आले. 'जंगल बुक'मधे लांडग्यांना हेच भय असतं, की माणूस मारला की बंदुका घेऊन हत्ती येतात. वर्गात ते पान मी कितीदा वाचून दाखवलं, पण अर्थ लागला तो त्या वर्षी. २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीजवळ तिला गोळी घातली. गावात फटाके फुटले आणि मी इथं दुसऱ्या मजल्यावर गॅलरीत बसून रडले. भावाला हे आजही माहीत नाही.

तिची दोन पिल्लं होती. त्यातली मादी डिसेंबरात पकडली आणि पेंचला नेली, महाराष्ट्राच्या बाजूच्या पेंचला. कुंपणात वाढवली. मार्च २०२१ मध्ये जंगलात सोडली, तर थोड्याच दिवसांत झुंजीत जखमी होऊन मेली. सफारीच्या जीपमध्ये सगळे वाघ शोधत होते तेव्हा मी तिचाच विचार करत होते.

मनसरला चहाला थांबलो तेव्हा भावाचा फोन आला. वाघ दिसला का, त्यानं विचारलं. नाही दिसला, नुसते पंजे दिसले, म्हटलं. बरं झालं म्हणाला, आणि कापसाचा भाव सांगत बसला.