दगडातले बालपण शोधणारे हिस्लॉप

विदर्भात हिस्लॉप कॉलेजचे नाव ठाऊक नसलेले घर विरळाच. पण ज्यांचे नाव या कॉलेजला दिले आहे ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप दगडांचेही मोठे जाणकार होते, हे किती जणांना माहीत असते?

१८१७ साली स्कॉटलंडमध्ये जन्मलेले हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. त्यांनी शाळा काढली, गोंडांची भाषा आणि गाणी टिपून घेतली. सवड मिळाली की सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह ते जीवाश्म शोधत हिंडत. आपला वाशीमचा मुलूख काळ्या बेसॉल्टचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याने इथले जुने थर झाकून टाकले. नागपूरच्या दक्षिणेस, चंद्रपूरकडे मात्र ते उघडे पडतात. तिथल्या मांगली गावी या जोडीला एका प्राचीन उभयचराची कवटी मिळाली, आणि डाळीएवढे चिमुकले शिंपलेही.

हे शिंपले कालवांचे नव्हते. ते कोळंबीच्या नात्यातल्या जीवांचे होते. त्यांचे भाईबंद आजही पावसाळी डबक्यांत दिसतात. कोळंबी वाढताना कात टाकते. हा जीव मात्र जुने कवच टाकत नाही, त्याच्या कडेला नवे वलय जोडतो. त्यामुळे एकाच शिंपल्यावर त्याचे सारे वय वाचता येते.

याचा उपयोग काय? त्याच सुमारास, १८५२ साली, युरोपात बारांद यांनी ट्रायलोबाइट या समुद्री जीवाच्या वाढीचे २० टप्पे ओळीने मांडले. ज्यांना निरनिराळ्या जातींची नावे मिळाली होती, ती एकाच जीवाची पोरे निघाली! शिवाय मोठेपणी वेगळे दिसणारे जीव बालपणी सारखे असतील, तर त्यांचे नाते जवळचे असण्याचा संभव असतो. चेहरामोहरा बदललेल्या भावंडांची ओळख लहानपणच्या फोटोवरून पटते, तसेच हे.

मांगलीच्या शिंपल्यांना लंडनच्या रूपर्ट जोन्स यांनी १८६२ मध्ये गावाच्या नावावरूनच शास्त्रीय नाव दिले. पुढच्याच वर्षी, ४ सप्टेंबर १८६३ रोजी, हिस्लॉप टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतत होते. वाटेत पुराने फुगलेला नाला ओलांडताना ते बुडाले. वय अवघे ४५.

त्यांची गोंडांविषयीची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापली, म्हणून ती वाचली. कॉलेज १८८३ मध्ये निघाले. मांगलीचे नाव मात्र त्याआधीच विज्ञानात कायमचे नोंदले गेले होते.